तिथलला जाताय? पांढरा लेंगा घाला

मागच्या जुलैत आम्ही बडोद्याहून सहकुटुंब वलसाडजवळच्या तिथलच्या समुद्रकिनाऱ्यावर गेलो आणि तळपायांना डांबर थापून परत आलो. तुम्हीही पावसाळ्यात जाणारच, म्हणून चार सूचना.

पांढरा लेंगा अवश्य घाला.

तिथलची वाळू मुळातच काळी. डांबरगोळे शोधत बसू नका, तेच तुम्हाला शोधतील.

नात 'आजोबा, चॉकलेट!' म्हणत एक उचलून आणेल. ओरडू नका, विज्ञान शिकवा. समुद्रात सांडलेल्या कच्च्या तेलातला हलका भाग एक-दोन दिवसांत उडून जातो. उरलेलं लाटा पाण्यात घुसळून श्रीखंडासारखं घट्ट करतात. उन्हानं साल धरते, वाळू चिकटते आणि नैऋत्येचा वारा तो प्रसाद किनाऱ्यावर आणून टाकतो. वरून दगड, आत चीक.

पाय खोबरेलानं पुसा. (हे मात्र खरंच. रॉकेलनं कातडी सोलवटते.)

लॉजवाल्यानं चादरीचे 500 मागितले तर मुकाट्यानं द्या. डाग कोणाचा हे शोधून काढणारा अख्ख्या किनाऱ्यावर तो एकटाच.

तक्रारीची हौस असेल तर फोन करा. पहिली कचेरी म्हणेल समुद्र आमच्याकडे नाही, दुसरी म्हणेल किनारा आमच्याकडे नाही. तिसरीतले साहेब म्हणतील, "काका, ए तो कुदरती छे." कुदरती! दर पावसाळ्याला? किनाऱ्यापासून 50 सागरी मैलांच्या आत टँकरनं टाक्या धुतलेलं तेलकट पाणी सोडायचं नाही, असं मार्पोल करारात, म्हणजे जहाजांनी समुद्र घाण करू नये म्हणून झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात, लिहिलंय. करार 1983पासून लागू आहे. तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, आता नातीचे पाय काळे झाले! आणि म्हणे, "कोणत्या जहाजाचं ते कळत नाही." का कळत नाही? ऊन, लाटा, जिवाणू सगळ्यांचं खाऊन झालं तरी तेलातली होपेनसारखी संयुगं वर्षानुवर्षं टिकतात. संशयित जहाजाच्या टाकीतला नमुना शेजारी ठेवा, प्रयोगशाळा सांगते जुळतं की नाही. इथे बडोद्यात काळाघोड्याच्या सिग्नलला माझ्या स्कूटरचं चाक वीतभर पुढे गेलं तर घरी ई-मेमो येतो, फोटोसकट. आणि एवढं मोठं जहाज दिसत नाही?

दिसतं हो. बघायचं नाही तुम्हाला. पोर रडत होती, सूनबाई दोन तास तिच्या टाचा घासत होती, आणि तुम्ही मला कुदरत शिकवता? नमुना हवाय ना? माझी डावी चप्पल बाल्कनीत वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली आहे. या आणि घेऊन जा.