नट आधी, फ्लेअर मग

जुन्या गाडीचे ब्रेक पाइप बदलायचे म्हटलं की लोक पाइपची काळजी करतात. माझ्या मते पाइप बिचारा सरळ असतो. सगळा दुष्टपणा नटात भरलेला. वर्षानुवर्षं गंज खाऊन तो पाइपला असा चिकटतो की पाना फिरवला की दोघं जोडीनं पीळ खातात. साधा ओपन पाना लावलात तर नटाचे कोपरे गोल झालेच म्हणून समजा. नटाला जवळपास चहूबाजूंनी धरणारा फ्लेअर नट स्पॅनरच हवा, आणि आदल्या रात्रीपासून गंज सोडवणारं तेल. तरी साहेब हलत नसतील तर पाइप नटालगत कापून सहाकोनी सॉकेट चढवा. कापलेला पाइप मात्र फेकू नका, नव्याची वळणं त्याच्यावरूनच काढायची आहेत.

नवा पाइप तांबं-निकेलचा घ्यावा. हातानं वळतो, गंजत नाही. निव्वळ तांबं नको, थरथरीनं कडक होऊन तडकतं. ब्रेकला बहुधा 3/16 इंच, म्हणजे 4.76 मिमी. कटरनं कापा, आतली-बाहेरची कड साफ करा, आणि फ्लेअरच्या आधी, म्हणजे पाइपचं तोंड फुलवण्याआधी, नट ओवा; नंतर तो चढत नाही. हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी फ्लेअर झकास उठतो, माणूस मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाकडे बघावं तसा त्याच्याकडे बघतो, आणि नट टेबलावर! फ्लेअर डबल (कड आत दुमडलेला) की बबल (बुडबुड्यासारखा फुगीर), हे तो जिथे टेकतो ती बैठक बघून ठरवायचं. आट्यांचंही तसंच: 3/8 इंची नट 10 मिमीच्या भोकात आनंदानं शिरतो आणि आवळताना आटे खातो. ब्रेकच्या पाइपला कॉम्प्रेशन जोड, म्हणजे फ्लेअरऐवजी नुसती कडी आवळून केलेला? अजिबात नाही.

पेट्रोलच्या लाइनला हात लावण्याआधी बॅटरी सोडा. जुना रबरी होज इथेनॉलनं फुगतो, भेगाळतो. इथेनॉल सोसणाराच घ्या, आणि लाइन सायलेन्सरपासून लांब न्या. चाक जाम होतंय? ब्रेकचा रबरी होज आतून सुजला असेल: दाब जातो, परत येत नाही.

ब्रेकच्या लाइनमधली हवा काढताना एक जण पेडलवर, दुसरा गाडीखाली, आणि मध्ये 'दाब, धर, सोड' ही आरडाओरड. सुरुवात बहुधा मास्टर सिलिंडरपासून (पेडलचा दाब ऑइलला देणारा तो) सर्वांत लांबच्या चाकाची. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, नाहीतर मास्टर सिलिंडरची रबरं कधी न गेलेल्या गंजक्या भागात जाऊन फाटतात. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता. रंग सोलायला त्याला फार वेळ लागत नाही. शेवटी पेडल जोरात दाबून धरायचं आणि प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावायचा. ओला निघाला तर नट थोडा सैल करून पुन्हा आवळा. तरीही ओलाच? फ्लेअर कापा, नवा करा.