१,२१,६५० चा एक रुपया करणारी कमांड

सोमवारी सकाळी जिनिंगच्या ऑफिसची कडी काढत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "भाऊ, माह्या कापसाचा चुकारा एक रुपया काहून दावते?" एक म्हातारे शेतकरी, सोबत नातू. आदल्या संध्याकाळी आम्ही भिंतीवर चुकाऱ्याची, म्हणजे कापसाच्या द्यायच्या पैशांची, यादी लावली होती, ती नातवाने वाचून दाखवलेली. आजोबांनी बंडीच्या खिशातून काट्याची पावती काढली, चार घड्या घालून जपलेली. १५ क्विंटल कापूस, भाव ८११०, रक्कम १,२१,६५०. यादीत त्यांच्या नावापुढे १.

त्या यादीत असे १७ जण निघाले. बँकेकडे जाणारी अख्खी बॅच थांबवावी लागली आणि ६१२ लोकांचा चुकारा तीन दिवस लांबला. गहू-हरभऱ्याच्या दिवसांत तीन दिवस म्हणजे काय, ते ज्याला खताच्या दुकानात उधारी मागावी लागते त्याला विचारा.

झालं असं. काट्यावरच्या सॉफ्टवेअरमधून रोज एक टेक्स्ट फाईल निघते, ती मी 'मायएसक्यूएल' नावाच्या डेटाबेसात चढवतो. शनिवारी दुपारी लाईट गेली. काट्यावरच्या पोराने १७ पावत्या हाताने फाडल्या आणि लाईट आल्यावर एक्सेलमध्ये भरून त्याच फाईलला जोडल्या. रक्कम त्याने आपण सगळे लिहितो तशी लिहिली, स्वल्पविराम देऊन. यात त्याचं काय चुकलं? फाईल आत घेणारी 'लोड डेटा लोकल इनफाईल' ही कमांड आकड्यांच्या रकान्यात पहिल्या स्वल्पविरामापर्यंत आली, १ उचलला, उरलेलं टाकून दिलं आणि वर 'क्वेरी ओके', म्हणजे हुकूम पार पडला, म्हणाली. ६१२ ओळी चढल्या. शेवटच्या ओळीत कोपऱ्यात 'वॉर्निंग्ज : १७'. त्या बघायच्या तर लगेच 'शो वॉर्निंग्ज' द्यायचं, कारण मध्ये दुसरी क्वेरी चालवली की त्या पुसल्या जातात. मी दुसरी क्वेरी चालवली होती.

आजोबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे त्याले समजलं होतं. मंग थांबला काहून नाही?"

हाच माझा राग आहे. त्याला समजलं होतं! मायएसक्यूएलच्या कागदपत्रांत स्वच्छ लिहिलंय की 'लोकल' शब्द लावला की चुका वॉर्निंग होतात आणि काम पुढे चालू राहतं. 'लोकल'चा अर्थ इतकाच असायला हवा की फाईल माझ्या मशीनवर आहे, सर्व्हरवर नाही. फाईल कुठे आहे हे सांगणाऱ्या शब्दाने चुकांचं काय करायचं हे ठरवायचं? कोणत्या डोक्याने या दोन गोष्टी एका शब्दात कोंबल्या? रक्कम वाचता आली नाही तर काय करायचं हे मला विचारा, मी लिहून देतो. मला न विचारता एका शेतकऱ्याच्या लाखाचा रुपया करू नका.

बरं, 'लोकल' काढून टाकावं, तर फाईल सर्व्हरवर एका ठरावीक फोल्डरातच हवी, नाहीतर 'सिक्युअर फाईल प्रिव्ह' या सर्व्हरच्या सेटिंगचं कारण देऊन नकार. 'लोकल' ठेवावं तर आवृत्ती ८.० पासून ते आधीच बंद करून येतं, माझ्या मशीनवर आणि सर्व्हरवर, दोन्ही बाजूंनी चालू करा. सुरक्षेचं कारण मला मान्य आहे. पण चुकाऱ्याच्या दिवशी, गावात नेटवर्कची एक काडी असताना हे कळतं तेव्हा जीव जातो.

आणि ती कमांड लिहायची तरी कशी! आधी कॅरेक्टर सेट, मग फील्ड्स, मग लाइन्स, मग इग्नोर, मग कंसात रकाने, शेवटी सेट. क्रम जरा चुकला, लाइन्स आधी आणि फील्ड्स नंतर लिहिलं, की 'सिन्टॅक्स एरर'. दोन्ही गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत, तरी क्रम पाळायचा. विंडोजवरचा रस्ता लिहिताना फोल्डरचं इंग्रजी नाव 'एन'ने सुरू होत असेल तर बॅकस्लॅश-एन म्हणजे नवी ओळ, 'टी'ने असेल तर टॅब. फाईल सापडत नाही आणि माणूस तासभर नाव तपासत बसतो. विंडोजच्या ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हं असतात, डेटाबेस मुळात एकच धरून बसतो, मग शेवटच्या रकान्यातल्या 'दारव्हा' या गावाच्या नावाला एक चिन्ह चिकटतं. पडद्यावर दारव्हा दिसतं, दारव्हा शोधलं तर एकही ओळ मिळत नाही. यावर माझी एक अख्खी रात्र गेली आहे.

दुसऱ्या डेटाबेसकडे जावं म्हटलं तर तिथली भाषा वेगळी. पोस्टग्रेसमध्ये 'कॉपी', सिक्वेल सर्व्हरमध्ये 'बल्क इन्सर्ट', ओरॅकलमध्ये वेगळा लोडर आणि त्याची वेगळी कंट्रोल फाईल, एसक्यूलाइटमध्ये 'डॉट इम्पोर्ट', जी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसांची सामाईक भाषा, नाहीच, त्याच्या कमांड लिहायच्या खिडकीची कमांड आहे. एसक्यूएलचं पहिलं प्रमाण १९८६ चं. बाहेरची फाईल आत कशी घ्यायची याचं एक वाक्य त्यात आजवर आलं नाही. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने पाडलेली फाईल, कशी असावी हे सांगणारा कागदसुद्धा २००५ साली आला, तोही सक्तीचा नाही. ज्या कामाने प्रत्येक ऑफिसचा दिवस सुरू होतो, ते सगळ्यांनी 'पुढे बघू' म्हणून सोडून दिलं.

पोस्टग्रेसबद्दल एक मान्य करतो. तिथे आकडा वाचता आला नाही तर 'कॉपी' थांबते आणि कितव्या ओळीत, कोणत्या रकान्यात अडलं ते सांगते. माझ्या १७ ओळी तिथे चढल्याच नसत्या. पण एका ओळीसाठी उरलेल्या ६११ पण परत फिरतात. चुकलेली ओळ बाजूला टाकून पुढे जायची सोय २०२४ साली, आवृत्ती १७ मध्ये आली. इतकी वर्षं लागली! आणि वरची शीर्षकाची ओळ 'कॉपी' वगळते किंवा फार तर जुळते का बघते. शीर्षकात 'रक्कम' लिहिलंय म्हणून रक्कम त्या रकान्यात टाक, एवढं तिला अजून सांगता येत नाही. काट्यावाल्याने एक रकाना पुढे-मागे केला की वजन भावात आणि भाव वजनात.

मला हवं ते फार नाही. फाईल कुणाच्या मशीनवर, रकाने नावाने जुळवायचे, आकड्यातला स्वल्पविराम आपल्या पद्धतीचा, तारीख दिवस-महिना-वर्ष, हे कुठल्याही क्रमाने सांगता यावं. चढवण्याआधी नुसतं तपासून दाखवणारा एक शब्द असावा. आणि जी ओळ समजली नाही ती जशीच्या तशी, ओळ क्रमांक आणि कारणासकट, वेगळ्या टेबलात जावी. निम्मी समजलेली ओळ खऱ्या टेबलात कधीच जाऊ नये.

त्याच १७ ओळींत आणखी एक सापडलं. गट क्रमांक १२/३ एक्सेलने तारीख समजून '१२-मार्च' करून ठेवला होता. रकाना अक्षरांचा, त्यामुळे तो बिनबोभाट चढला, त्याची वॉर्निंगसुद्धा नाही. सात पावत्या उघडून हाताने दुरुस्त केल्या.

आता मी आधी सगळं अक्षरांच्या कच्च्या टेबलात घेतो, तिथे तपासणीच्या अकरा क्वेरी चालवतो, मगच खऱ्या टेबलात. रोजचा पाऊण तास. आजोबांचे पैसे गुरुवारी जमा झाले. नातवाने फोन करून सांगितलं, पण आजोबा त्या आधी दोनदा ऑफिसला येऊन गेले होते, बारा किलोमीटरवरून, एसटीने.