गुणोत्तरानं प्रश्न मिटत नाही: बर्न-अप मोजणीवरच्या आक्षेपाला उत्तर

तुमचे आक्षेप दोन. माझ्या लेखात सीझियम-137 च्या गॅमा किरणांवरून बर्न-अप, म्हणजे अणुइंधन किती जळलं ते, काढताना इंधनाच्या बंडलच्या (पिनांच्या जुडीच्या) रचनेचा विचार नाही, हा पहिला. आणि सीझियम-134 व 137 यांचं गुणोत्तर घेतलं की ती अडचणच उरत नाही, हा दुसरा.

पहिला पूर्ण मान्य. तारापूरच्या 540 मेगावॉटच्या अणुभट्ट्यांत बंडलला 37 पिना, म्हणजे इंधनाच्या गोळ्या भरलेल्या नळ्या, असतात. सीझियम-137 चे 662 केईव्ही ऊर्जेचे निम्मे गॅमा सुमारे 5 मिलिमीटर युरेनियम ऑक्साइडमध्येच, म्हणजे इंधनातच, अडकतात. त्यामुळे डिटेक्टरला दिसतात त्या मुख्यतः बाहेरच्या 18 पिना, आणि नेमक्या त्याच जास्त जळलेल्या! बंडल फिरवून मोजलं तरी आतलं दिसत नाही. पिनांच्या वर्तुळांमधली बर्न-अपची वाटणी गणितातूनच घ्यावी लागते.

दुसरा मात्र पटत नाही. सीझियम-134 विखंडनातून थेट जवळपास मिळतच नाही. सीझियम-133 नं न्यूट्रॉन गिळला की ते बनतं. म्हणून गुणोत्तर बर्न-अपबरोबर वाढतं खरं, पण तेवढंच बर्न-अप रेंगाळत गाठलं तर 134 कमी सापडतं, कारण त्याचं अर्धायुष्य 2.06 वर्षं. महिन्याला पावणेतीन टक्के घट! इंधन बाहेर काढल्याची तारीख महिनाभर चुकली की गुणोत्तर तेवढंच चुकलं. 20 वर्षांनी तर हजारात जेमतेम एक भाग उरतो.

शिवाय 134 च्या 605 व 796 आणि 137 ची 662 केईव्ही या गॅमा रेषांचं शोषण सारखं नाही. त्यासाठी 134 च्याच 569, 605, 796, 802 आणि 1365 या रेषांवरून सापेक्ष कार्यक्षमतेचा वक्र (कोणत्या ऊर्जेचे गॅमा किती प्रमाणात मोजले जातात ते दाखवणारा) काढायचा. 662 त्यातच बसते. 796 आणि 802 वेगळ्या दिसायला जर्मेनियम डिटेक्टरच हवा, सोडियम आयोडाइडचं हे काम नव्हे. आणि ताज्या इंधनाला हात लावू नये: झिर्कोनियम-95 व निओबियम-95 डिटेक्टरचा डेड टाइम (एक गॅमा नोंदवताना पुढचे निसटतात तो वेळ) वाढवतात. वर्षभर थांबावं.

बर्न-अपचा खरा पंच निओडिमियम-148. ते स्थिर आहे, सीझियमसारखं गोळीतून सरकत नाही, आणि युरेनियम-235 (1.67 टक्के) व प्लुटोनियम-239 (1.64) दोन्हींतून जवळपास सारखंच मिळतं. टनाला 7000 मेगावॉट-दिवस म्हणजे सुमारे 0.73 टक्के अणूंचं विखंडन, म्हणजे युरेनियमच्या लाख अणूंमागे 148 चे बाराच. पिनेतून कापलेली इंधनाची चकती नायट्रिक आम्लात विरघळवून त्यात तुलनेसाठी निओडिमियम-150 ची मोजकी भर घालतात. अणू वस्तुमानानुसार मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरआधी समॅरियम वेगळं काढलं नाही तर त्याचेही 148 आणि 150 मिसळतात. 142 दिसलं तर बाहेरचं नैसर्गिक निओडिमियम शिरलंय.

पण ती चकती एका पिनेची. बंडलची सरासरी हवी असेल तर पुन्हा गॅमा स्कॅनकडेच यावं लागतं.