‘आपली’ चित्रकला आणि वू ग्वानचुंगची शाई

कोल्हापूरच्या आमच्या भावकीच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. पुतण्याने लिहिलं, आबालाल रहिमान मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत साहेबाची चित्रकला शिकून आले. कोटितीर्थ तळ्याची निसर्गचित्रं सुंदर असतील, पण ती ‘आपली’ परंपरा नव्हे. शाहू महाराजांनी ज्यांना दरबारी चित्रकार केलं, त्यांना आता हा प्रमाणपत्र देणार! आणि ‘आपली’ म्हणताना त्याच्या मनात नुसते जलरंग नव्हते, एवढं मलाही कळतं.

मी त्याला चिनी चित्रकार वू ग्वानचुंगची चित्रं पाठवली. मी राहतो त्या सिंगापूरच्या नॅशनल गॅलरीत त्यांचं स्वतंत्र दालन आहे. 2008 मध्ये त्यांनी 113 चित्रं सिंगापूरला देऊन टाकली. माझ्यासारख्या पीआरला, म्हणजे परदेशी पासपोर्टवरच्या कायम रहिवाशाला, तिकीट पडत नाही, त्यामुळे सिटी हॉल स्टेशनला उतरलो की मी डोकावतोच. चिनी निसर्गचित्र म्हटलं की धुकं, कडे, कोपऱ्यात कविता आणि लाल शिक्का. वूंच्या चित्रांतल्या च्यांगनानच्या, म्हणजे यांगत्सेच्या दक्षिणेकडच्या, गावांत कागद बराचसा कोराच सोडलेला, त्याच भिंती. वर काळ्या छपरांचे जाड फटकारे, मधूनच लाल-हिरवे ठिपके. शाई पिढ्यान्‌पिढ्यांची, मांडणी मात्र 1947 ते 50 पॅरिसमध्ये शिकलेल्या माणसाची. त्यांचे हांगचौचे गुरू लिन फेंगम्येन हेही फ्रान्सहून आलेले.

भांडण तिथंही झालंच. 1992 मध्ये वूंनी लिहिलं, चित्रापासून तोडलेल्या कुंचल्या-शाईच्या कसबाची किंमत शून्य. पुढे चित्रकार चांग तिंग खवळले: तेच सोडलं तर चिनी चित्रात राहिलं काय? पण दोघांचेही हात शाईने माखलेले. आमच्या ग्रुपवर बोटं चालवणाऱ्यांपैकी किती जण टाउन हॉलच्या म्युझियममध्ये जाऊन आबालालांच्या चित्रापुढे उभे राहिलेत? चिनी चित्रकार शू पेइहुंग तर 1940 मध्ये भारतात बसून चिनी दंतकथेतला डोंगर हलवणारा म्हातारा रंगवून गेले, आणि त्यातल्या पिळदार माणसांसाठी मॉडेल आपल्याकडचे. ते चित्र कुणाच्या खात्यात टाकायचं?

पुतण्याने एका ओळीत उत्तर दिलं. “काका, तुमचे वू 1950 ला परत गेले. तुम्ही?”

मग मीही सोडलं नाही. परत जाऊन काय मिळालं त्यांना? सांस्कृतिक क्रांतीत स्वतःची चित्रं स्वतःच नष्ट करावी लागली. 1970 मध्ये खेड्यात मजुरीला धाडलं, आणि पुन्हा चित्र काढायची मुभा मिळाली तेव्हा शेणाची टोपली हाच ईझल. त्यावर हा लिहितो, “म्हणजे तुम्ही टोपलीला घाबरलात.” पुढे दोन हसरे चेहरे. आमच्या वेळी काकाशी असं बोलायची टाप नव्हती.

घाबरलो असेन. एचडीबीचे, म्हणजे इथल्या सरकारी फ्लॅटचे, हप्ते फिटलेत, तरी देशाबाहेर जाऊन पीआर म्हणून परत येण्यासाठी लागणारं रीएंट्री परमिट नवं करायला निघालो की निळा भारतीय पासपोर्ट उगाच दोनदा चाचपतो. इथल्या नागरिकत्वाचा अर्ज भरत नाही. का, ते बायकोलाही धड सांगता येत नाही. एनएस, म्हणजे इथली सक्तीची राष्ट्रीय सेवा, करून आलेल्या मुलाला तर हा वादच कळत नाही. वू आमचे, म्हणतो, गॅलरीत आहेत ना! आबालाल कोण विचारलं तर खिशातून फोन काढतो. हे मात्र मी ग्रुपवर लिहिलेलं नाही.