खाणीशेजारचं भूजल ‘समाधानकारक’ कसं ठेवावं?

कोळसा खाणीत पर्यावरणाचं काम गळ्यात पडलंय? घाबरू नका. आमच्या चंद्रपूर-वणी पट्ट्यात हे काम वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललंय. बोभाटा करतात ते फक्त गावकरी.

आधी वेळ साधा. मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, जानेवारी अशी वर्षातून चारदा पातळी मोजायची अट असते. पण मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात फिरणार कोण? मेची नोंद दोन पाऊस पडून गेल्यावर घ्यावी. कागदावर तारीख मेचीच घालता येते.

नमुन्याच्या बाटलीत आम्ल टाकायच्या भानगडीत पडू नका. आम्ल नसलं की पाण्यातलं लोह प्रयोगशाळेत पोचेपर्यंत गाळ होऊन तळाशी बसतं. वरचं नितळ पाणी तपासलं की अहवालही नितळ.

पिझोमीटर, म्हणजे भूजलाची पातळी मोजायची बोअर, खाणीच्या साठवण तळ्याच्या काठावर घ्या. पाझराने पातळी कायम वर.

फ्लोराइड निघालं तर ‘नैसर्गिक’ म्हणा.

आता खरी विद्या ऐका: आटलेली विहीर. तक्त्यात तिच्यापुढे आडवी रेघ मारायची, कारण रेघेची सरासरी निघत नाही. समजा, तीन विहिरींत पाणी ६, ८ आणि १३ मीटर खोलीवर आहे. सरासरी ९. पुढच्या खेपेला तिसरी आटली, मारा रेघ. उरलेल्या दोघींची सरासरी ७. म्हणजे पाणी २ मीटर वर आलं की! जितक्या विहिरी आटतील तितकं भूजल सुधारतं. सगळ्याच आटल्या तर प्रश्नच मिटला.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीवर पातळी मोजायला खाणीकडून असाच एक पोरगा आला. टेप सोडला, तो खाली दगडावर खणकन वाजला. म्हणाला, “काका, निरंक लिहितो.” अरे बाबा, विहीर १५ मीटर खोल आहे, पाणी १५च्या खाली गेलं असं लिही ना! तर म्हणे, “फॉर्मात तसा रकाना नाही.” रकाना नाही! आमच्या विहिरींच्या कितीतरी खाली खड्डा खणायचा, रात्रंदिवस पंप लावून त्यातलं पाणी नाल्यात सोडायचं, मग आजूबाजूच्या वालुकाश्मातलं पाणी त्या खड्ड्याकडे धावणार नाही तर काय आमच्या मोटारीसाठी थांबणार? साहेबांना विचारलं तर उत्तर तयार: पाऊस कमी झाला. आदल्या पावसाळ्यात वर्धेच्या पुरात आमची पऱ्हाटी वाहून गेली, आणि पाऊस कमी!

पाणीपातळीचं स्वयंचलित नोंद यंत्र बंद पडलं तर दुरुस्तीचं पत्र लिहा. दुरुस्ती नको, पत्र पुरतं.

जाऊ द्या, हे सोंग माझ्याच्याने पुढे रेटवत नाही. मेची पातळी मेमध्येच मोजा, आणि सरपंचासमोर मोजा. आटलेल्या विहिरीपुढे ‘कोरडी’ लिहा, तिची खोली लिहा, आणि तिला सरासरीतून गुपचूप वगळू नका. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६च्या अधिसूचनेप्रमाणे १ जून आणि १ डिसेंबरला जाणारा, अटी पाळल्याचा सहामाही अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहे, तुमच्या कपाटातली ठेव नाही. तो मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायला काय जातं तुमचं? मागायला आलं की “माहिती अधिकारात अर्ज करा” म्हणता. आमच्याच विहिरीचं पाणी कुठं गेलं हे विचारायला आम्ही १० रुपये मोजायचे? जरा तरी लाज बाळगा!