जोडणी उलट क्रमाने

माझ्याकडे एमजी कंपनीची एमजीबी गाडी आहे म्हटलं की पुण्याकडचे नातेवाईक लगेच विचारतात, "हो का, कुठली, ती इलेक्ट्रिक?" मग सांगावं लागतं की नाही हो, ही 1969 ची, दोन सीटची, कापडी छपराची, आणि जिथे ती बनली तो ॲबिंग्डनचा कारखाना 1980 सालीच बंद पडला. यावर सांगलीहून बाबांनी एकच प्रश्न केला, "मग बिघडल्यावर करणार कोण?"

"मी," असं मी म्हणालो आणि फसलो.

गाडी सिग्नलला उभी राहिली की आचके द्यायची. माझं शिक्षण कॉम्प्युटरचं, राहतो इंग्लंडात कॉव्हेंट्रीजवळ, आणि पाना हातात धरलाय तो लहानपणी बाबांच्या स्कूटरला पाना दे रे म्हटल्यावर तेवढाच. म्हटलं आधी पुस्तक घेऊ. पुस्तक समोर असलं की मराठी माणूस काहीही करू शकतो असा आपला एक समज असतो.

पहिलं पुस्तक ऑनलाइन मागवलं, कव्हरवर लाल गाडी, स्वस्त. उघडलं तर त्यात एकच कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग, झेनिथ-स्ट्रॉमबर्ग. माझ्या गाडीत दोन, एसयू कंपनीचे. त्यातल्या गाडीला जाडजूड काळे रबरी बंपर, माझ्या गाडीला क्रोमचे. झालं असं की ही गाडी 1962 ते 1980 चालली, 5 लाखांच्या वर बनल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या, आणि मी घेतलेलं पुस्तक 1975 नंतरच्या अमेरिकन गाडीचं होतं. दहावीला ऐन परीक्षेत जुन्या अभ्यासक्रमाचं गाइड घेऊन बसल्यासारखं वाटलं.

दुसऱ्यांदा हुशारी केली, खुद्द कारखान्याच्याच मॅन्युअलची नवीन छापलेली प्रत घेतली. माहिती अस्सल, आकडे सगळे बरोबर, पण लिहिलंय ते डीलरकडच्या मेस्त्र्यांसाठी, त्यामुळे दर थोड्या वेळाने 18जी अमुक नंबरचं स्पेशल हत्यार वापरा म्हणून सांगतं. मी हत्याराचा सेट घेतला होता तोसुद्धा मिलिमीटरचा, आणि या गाडीचे नट इंचातले. 13 चा पाना अर्ध्या इंचाच्या नटवर बसतो, बसतो म्हणजे बसल्यासारखा वाटतो, आणि जोर लावला की नटचे कोपरे गोल होतात. हे कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही, स्वतःच्या गाडीवर शिकलो.

मग रविवारी ऑटोजंबलला गेलो, म्हणजे आपला जुना बाजारच पण फक्त गाड्यांच्या पार्टचा. एका आजोबांच्या टेबलावर घरी दुरुस्ती करणाऱ्यांसाठीच्या पुस्तकाच्या दोन प्रती, कोरी 12 पौंडांना आणि मळकी 3 पौंडांना. मी कोरी उचलली तर बायको म्हणाली, "अरे, आईच्या रेसिपीच्या वहीत ज्या पानाला तेल लागलेलं असतं तोच पदार्थ चांगला होतो. कोऱ्या पानाचे कोणी केलेच नाहीत." बी.ई. मी झालोय, पण हे मला सुचलं नसतं. मळकं उघडलं. कार्बोरेटरचं पान काळंकुट्ट, अंगठ्याचा ठसा आधार कार्डला चालेल इतका स्पष्ट, बाजूला पेन्सिलने '12 फ्लॅट' लिहिलेलं. पुस्तकात म्हटलंय जेटचा, म्हणजे पेट्रोल येणाऱ्या बारीक नळीचा, नट वरून दोन पूर्ण फेरे खाली घ्या. नट षटकोनी, म्हणजे 12 पैलू मोजले की झालं, फेऱ्यांचा हिशेब नको. कोणीतरी खाली वाकून, मान मोडून हे शोधलंय. घेतलं लगेच.

घरी येऊन बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांचं ठाम मत, "कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय." त्यांच्या मते जगातल्या प्रत्येक गाडीत कचराच आलेला असतो. पुढचं पान मात्र त्यांनाही पटलं: रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं आधी एका कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या, दोन्हीकडचा हवेचा सूं-सूं आवाज एकसारखा यायला हवा. शेजारच्या बाईंनी कुंपणावरून बघितलं तेव्हा मी बॉनेटमध्ये डोकं घालून गाडीची छाती तपासत होतो आणि फोनमधून बाबा ओरडत होते, "मला पण ऐकव!" मग कार्बोरेटरच्या खालची बारीक पिन उचलून बघायची, इंजिन जोरात पळायला लागलं आणि पळतच राहिलं तर पेट्रोल जास्त, मरायला लागलं तर कमी, किंचित उचल खाऊन जागेवर आलं तर जमलं. चार वेळा मेलं. पाचव्यांदा जमलं. बाबा म्हणाले, "बघ, कचराच होता."

रात्री कौतुकाने पुस्तक चाळत होतो तेव्हा लक्षात आलं की डाग सगळीकडे नाहीत. ब्रेकचं पान मळकं, डायनामोचं मळकं, मग इंजिन बाहेर काढण्याचं प्रकरण, तिथे चहाच्या कपाचं गोल वळं, आणि शेवटच्या ओळीशी, जिथे 'जोडणी उलट क्रमाने करा' एवढंच छापलंय, तिथे पेन्सिलने इतकी ठळक शिवी की मागच्या पानावर उमटलीय. त्याच्यापुढची सगळी पानं कोरी करकरीत.

परवापासून माझा क्लच स्लिप व्हायला लागलाय. या गाडीत क्लच बदलायचा तर इंजिन बाहेर काढावं लागतं.