धोंड्याचा महिना आणि उत्तरेचा वारा

जावई जमिनीवर राहणारा असावा, अशी अट लग्न ठरवतानाच घालायची असते, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. 36 पैकी 27 गुण जुळले म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पुढे चार वर्षांनी लेक आणि जावई यांनी नोकऱ्या सोडल्या, ग्रीसमध्ये 11 मीटर लांबीची एक जुनी शिडाची बोट घेतली आणि ती दोघे त्या बोटीवरच राहायला गेली. आमच्या कॉलेज रोडवरच्या फ्लॅटचा हॉल आणि गॅलरी मिळून जेमतेम तेवढीच लांबी भरते. मात्र आमचा हॉल रात्रीतून जागा सोडत नाही.

मी शाळेत 26 वर्षे वेळापत्रक बसवले आहे. त्यामुळे 2023 साली 18 जुलै ते 16 ऑगस्ट असा अधिक श्रावण येतो आहे हे कळताच, जावयांना 33 अनारशांचे वाण देण्याचा कार्यक्रम मी एका संध्याकाळी कागदावर उतरवला. आधीचा अधिक मास करोनात गेला होता, त्यामुळे या खेपेला कसर ठेवायची नव्हती. बोट तेव्हा ग्रीसच्या रोड्स बेटापाशी होती. तिथून अथेन्स सरळ रेषेत चारशे किलोमीटरांहून थोडे अधिक आणि बोटीचा वेग पाच नॉट, म्हणजे ताशी सुमारे नऊ किलोमीटर. भागाकार केला, दोन दिवस आले. अथेन्सजवळ बोट बांधून ठेवायची, विमानाने मुंबई गाठायची आणि तिथून गाडीने नाशिकला यायचे. वर सहा दिवस सढळ हाताने धरून मी 30 जुलैचा रविवार नक्की केला आणि नातेवाइकांना कळवूनही टाकले.

या हिशेबात मेल्टेमी नव्हता. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून वाहणारा हा वारा एकदा सुरू झाला की कित्येक दिवस थांबत नाही. ना ढग, ना पाऊस, लख्ख ऊन आणि तरीही समुद्र खवळलेला, हे चित्र नाशिकच्या माणसाच्या डोळ्यांपुढे उभे राहणे कठीण आहे. आमच्याकडे पूर आला तर निदान गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर पाणी चढले ते पाहून अंदाज येतो. शिवाय अथेन्स रोड्सच्या वायव्येला, आणि शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. साधारण 45 अंशांचा कोन करून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे नागमोडी जावे लागते.

“मग इंजिन लावा,” असे मी सुचवले. समोरून लाटा आल्या की इंजिन लावूनही बोट जागच्या जागी उड्या मारते, असे जावयांनी नम्रपणे सांगितले. 24 तारखेला ती दोघे अॅस्टिपालिया नावाच्या बेटाच्या आडोशाला नांगर टाकून बसली होती.

“कधी निघणार?”

“वारा पडला की निघू, बाबा.”

“पडला की म्हणजे किती वाजता?”

पलीकडे लेक हसल्याचे ऐकू आले. तिचे ते हसणे मला सर्वांत जास्त लागले, कारण बेत बिघडल्याचे दुःख एकट्या मला झालेले दिसत होते. ती गावातल्या बेकरीत पाव शिकत होती, भांडी समुद्राच्या पाण्यात घासून शेवटी तांब्याभर गोड्या पाण्यात विसळत होती, आणि तिच्या सुरात तक्रार अशी नव्हतीच. इकडे मी मोबाइलवर त्यांच्या बोटीचा ठिपका पाहत जागत होतो. एका रात्री तीन वाजता तो ठिपका सरकलेला पाहून मी घाबरून फोन केला. जावई शांतपणे म्हणाले, “बाबा, पाण्याच्या खोलीच्या पाचपट साखळी सोडली आहे, त्यामुळे बोट नांगराभोवती झुलतेच. नांगर घसरला तर गजर होतो. आता झाला तो तुमचा होता.”

सौभाग्यवतींनी मात्र तोवर एकही अनारसा तळला नव्हता. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाळवून, कुटून, गुळात मळून त्यांनी पीठ डब्यात भरून ठेवले होते. “अहो, हे पीठ महिनोन्महिने टिकते. तुमच्या वेळापत्रकाला मात्र आत्ताच वास येऊ लागला आहे,” असे त्या म्हणाल्या, आणि मी पंचांग पुढे करताच त्यांनी मला पुरते गप्प केले. “चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा 11 दिवसांनी कमी पडते, म्हणून हा महिना घालावा लागतो. हिशेब जमत नाही म्हणून जन्मलेल्या महिन्यात तुम्ही तारखेचा हट्ट धरता?”

अधिक मास संपला, निज श्रावण लागला आणि 21 ऑगस्टला ती दोघे मुंबईत उतरली. आता समुद्र मागे पडला म्हणून मी सुटकेचा श्वास टाकतो तोच कसारा घाटात एक ट्रेलर आडवा झाला. मी गॅलरीत येरझाऱ्या घालत असताना जावयांचा फोन आला, की गाडीतच छान झोप झाली, चहावालाही येऊन गेला आणि ट्रेलर निघाला की निघतो. किती वाजता, हे मी या वेळी विचारले नाही.

रात्री दीड वाजता ती दोघे घरी पोहोचली आणि सौभाग्यवतींनी लगेच कढई चढवली. तूप जास्त तापले असावे किंवा पिठाला फार दिवस झाले असावेत. 33 पैकी सहा अनारसे तुपात पडताच हसले. “27 जुळले,” असे म्हणत त्यांनी ताट जावयांपुढे ठेवले.